तेजलच्या नावावरची पाळी

पुरुषाचा स्वतःवर ताबा असला की बाकीचं सगळं आपोआप होतं, हे रविराजचं तत्त्वज्ञान होतं. त्याच्या बळावर त्याने लग्नानंतरची दोन वर्षं निर्धास्त काढली. तिसऱ्या वर्षी, दसरा तोंडावर आलेला असताना, बाकीचं सगळं खरोखरच आपोआप झालं की काय, अशी शंका निर्माण झाली.

शंका तेजलला आली. ओट्याकडे तोंड करून कांदा चिरता चिरता ती म्हणाली, "अहो, माझी पाळी आली नाही अजून."

या 'अहो'पाशी जरा थांबलं पाहिजे. तेजल सासू-सासऱ्यांसमोर नवऱ्याला 'अहो' म्हणे आणि एकांतात 'अरे'. सासूबाई त्या वेळी गोठ्यात होत्या आणि सासरे झेंडूत. म्हणजे हा एकांतातला 'अहो' होता आणि तो फार वाईट. रविराजने आयुष्यात तो दोनदाच ऐकला होता, आणि दोन्ही वेळा त्याला पुढचे काही दिवस स्वतःचं ताट स्वतः वाढून घ्यावं लागलं होतं.

"येईल की," तो म्हणाला. "मागे-पुढे होतंच."

"माझी होत नाही."

"पण मी तर सांभाळलं होतं."

यावर तेजलने कांदा जरा जास्तच बारीक चिरला.

सांभाळण्याची विद्या रविराजला लखनने दिली होती. लखन त्याचा शाळासोबती, पंचवटीत टेम्पो चालवायचा. "वेळेवर बाजूला व्हायचं. बस," असं त्याने हळदीच्या दिवशी नवरदेवाच्या कानात सांगितलं होतं. गुरुमंत्र असाच कानात देतात. लखनला तीन मुलं होती आणि तिसऱ्याच्या बारशाला रविराज स्वतः दोन वेळा जिलेबी मागून घेऊन जेवला होता, तरी गुरूच्या अधिकाराबद्दल त्याला कधी शंका आली नाही. दुकानातून निरोध घ्यावेत असं तेजल पहिल्यापासून म्हणत होती. पण मखमलाबादचा मेडिकलवाला रविराजचा मावसभाऊ, आणि दिंडोरी रोडवरचा मेडिकलवाला त्याचं गिऱ्हाईक. ठिबकचे पाइप विकणाऱ्या माणसाने ज्याच्याकडे स्वतःची उधारीसुद्धा खाली मान घालून मागायची, त्याच्यासमोर मान वर करून असली वस्तू कशी मागायची? त्यापेक्षा ताबा बरा, असं त्याने ठरवलं होतं. ताबा कुठल्याच दुकानात मागावा लागत नाही.

आता खरी भीती कशाची होती तेही सांगितलं पाहिजे, नाहीतर वाचणारा म्हणेल, लग्न झालेलं जोडपं, घरात भाकरी आहे, मग एवढं घाबरायला काय झालं?

तेजल वनरक्षकाच्या भरतीत निवडली गेली होती. वर्षभर पहाटे कालव्याच्या कडेच्या रस्त्याने ती धावली. पुढे ती, मागे मोटारसायकलवर रविराज. भाजीच्या गाड्या घेऊन मार्केटला निघालेली माणसं विचारायची, काय रे, बायको पळून चालली का? रविराज म्हणायचा, हो, आणि मी सोडायला चाललोय. अशी वर्षभराची चेष्टा खाऊन तिने ती निवड मिळवली होती. दिवाळीनंतर मेडिकल आणि मग प्रशिक्षण. गरोदर बाईला प्रशिक्षणाला घेत नाहीत, पुढच्या तुकडीत पाठवतात, असं तिच्या कानावर आलं होतं. आणि पुढची तुकडी कधी, ते कुणाच्याच कानावर आलेलं नव्हतं.

त्यात सासूबाई. सरुबाई तशा वाईट नव्हत्या. पण सून माप ओलांडून आत आली त्या दिवसापासून त्यांनी वणीच्या देवीपाशी वशिला लावून ठेवला होता. सुनेला दिवस गेले एवढं नुसतं कळायचा अवकाश, त्यांनी नोकरी उचलून माळ्यावर ठेवली असती. पोर आधी, नोकरी काय पळून चालली, हे वाक्य त्यांच्या ओठांवर तयारच असायचं.

"मला मूल नको असं नाही," तेजल म्हणाली होती. "आत्ता नको. आणि ते कधी, हे मला ठरवू दे. तुझ्या त्या लखनला नको."

म्हणून दोघांनी ठरवलं, घरात कुणाला काही कळू द्यायचं नाही. आणि इथेच मराठी भाषेने दगा दिला.

त्याचं असं झालं. दोन दिवसांनी तेजल शाळेचे दाखले आणायला ओझरला माहेरी गेली होती. रविराज झेंडूच्या वावराच्या बांधावर उभा राहून तिच्याशी फोनवर बोलत होता. आजूबाजूला कुणी नाही, याची त्याने खात्री करून घेतली होती. पण दसऱ्याचा झेंडू कमरेएवढा वाढलेला, आणि त्याचे वडील खंडेराव त्यात वाकून फुलं तोडत होते. त्यांना मुलाची एकच बाजू ऐकू आली, ती अशी:

"पाळी चुकली ती चुकली. आता बोलून काय उपयोग… हो, माझीच चूक. मीच गाफील राहिलो… अण्णांना? छे, अण्णांना अजिबात कळता कामा नये."

खंडेराव वाकलेलेच राहिले. पावसाने त्या वर्षी लवकरच पाठ फिरवली होती. विहिरीने तळ दाखवला होता. कालव्याला पाणी सुटलं होतं आणि ज्याच्या त्याच्या पाळीप्रमाणे ते चारीवरच्या वावरांना मिळत होतं. अर्जाचं, पाटबंधाऱ्याचं सगळं रविराजकडे. एक एकर तर त्याने बायकोच्या नावावर करून घेतला होता, बाईच्या नावाने ठिबकचं अनुदान लवकर सुटतं असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं म्हणून. त्याच एकरात हा झेंडू उभा होता. आणि हा दिवटा त्या एकराची पाळी चुकवून बसला, वर बापापासून लपवतो.

मुलाला काही न बोलता खंडेराव तडक कालव्यावर गेले. तिथे दरवाज्यापाशी पाटकरी बसला होता. पाणी सोडणारा आणि बंद करणारा तोच. त्याचं नाव भारत, नुकताच बदलून आलेला, लाजाळू पोरगा. सभोवती पाच-सहा शेतकरी पाळीसाठी ताटकळत होते आणि पलीकडे बायका धुणं धूत होत्या. खंडेराव उभ्या उभ्याच कडाडले.

"तेजलची पाळी चुकली. तू काय करत व्हता?"

भारतला कागदावरची तेजल आठवली नाही. पहाटे कालव्याच्या रस्त्याने धावणारी तेवढी त्याला माहीत होती. त्याचा चेहरा पांढरा पडला.

"अण्णा, त्यात माझा काय संबंध?"

"तुझा नाय तर कोनाचा? पाळी तुझ्या हातात हे ना?"

भारतने आधी स्वतःच्या हातांकडे पाहिलं, मग बायकांकडे. बायकांनी धुणं थांबवलं होतं. बसलेल्या शेतकऱ्यांनी अखेर मध्ये पडून, अण्णा पाण्याच्या पाळीबद्दल बोलतायत, असा उलगडा केला. भारतने कपाळावरचा घाम पुसला आणि पाहून सांगतो, असं कबूल केलं. पण तो उलगडा धुण्यापर्यंत पोचला नाही. नवसाबाई नावाची शेजारीण पहिल्याच वाक्याला पिळलेलं लुगडं तसंच खांद्यावर टाकून निघाली होती.

संध्याकाळी रविराज दुकानातून घरी आला तेव्हा अंगणात पेढ्यांचा पुडा होता. नवसाबाई आणि सरुबाई गळ्यात गळा घालायच्या तेवढ्या बाकी होत्या. ओझरहून परतलेली तेजल पाटावर बसवलेली, आणि तिच्यापुढे तुपाची वाटी.

"अहो," तेजल म्हणाली. हा सर्वांसमोरचा 'अहो' होता, नियमातला. पण त्यात एकांतातला सगळा दारूगोळा भरलेला होता.

सरुबाईंनी मुलाला सुनावलं की, बाबा, एवढी गोड बातमी आणि आईला परक्या बाईकडून कळावी? तेही जाऊ दे, पण बापाला आधी सांगितलंस, आणि बापाने ती कालव्यावर जाऊन पाटकऱ्याला सांगितली. असं कुठं असतं? रविराजला यातलं अक्षरही समजलं नाही. बापाने काय ऐकलं आणि काय केलं, हे जुळवता जुळवता त्याची रात्र गेली. त्यातला विनोद त्याच्या ध्यानात आला, पण तो हसला नाही. शेजारी तेजल छताकडे बघत पडली होती.

खंडेरावांना बायकोने आजोबा होणार असल्याचं सांगितलं तेव्हा त्यांना भरून आलं. माणसाच्या आयुष्यात सुख आणि दुःख कसं जोडीनं येतं, असं ते म्हणाले. इकडे पाळी चुकली आन् तिकडे देवानं असं दिलं. सरुबाई म्हणाल्या, पाळी चुकली म्हणूनच तर दिलं. खंडेरावांना हे वाक्य फार खोल वाटलं, आणि त्यांनी पुढे काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून घरात कायदा लागू झाला. तेजलने बादली उचलायची नाही. पपई घरात आणायची नाही. पहाटेचं धावणं बंद. बूट सरुबाईंनी कुठेतरी ठेवून दिले. सुरगाण्याकडच्या आत्याला आणि वणीच्या मामीला फोन गेले. जी गोष्ट खुद्द तेजलला ठाऊक नव्हती, ती आता दोन तालुक्यांना ठाऊक होती.

दवाखान्यात नेतो, एवढं एक कारण असं होतं की त्याला सरुबाईंची ना नव्हती. त्या कारणाने दोघं पंचवटीतल्या डॉक्टर उज्वलाबाईंकडे गेले. त्या निफाडकडच्या, घरी द्राक्षबागा. बोलायला सडेतोड. त्यांनी तेजलला सगळं विचारलं, लघवीची तपासणी केली आणि रेघ एकच आली म्हणून सांगितलं. रविराजने हात जोडले. डॉक्टर म्हणाल्या, हात खाली घ्या. आजची एक रेघ म्हणजे बहुतेक नाही. पण या महिन्याचं चक्रच पुढे सरकलं असेल तर आज कळणार नाही. एवढं धावणं, परीक्षेचा ताण, यानेही पाळी लांबते. आठवड्याने सकाळच्या पहिल्या लघवीची परत तपासणी करायची.

"पण मॅडम, तसं होऊच शकत नाही," रविराज म्हणाला. एवढ्या लांब येऊन तत्त्वज्ञान न मांडता परत जाणं त्याच्या जिवावर आलं होतं. "मी वेळेवर… म्हणजे मेन वॉल्व्ह मी नेहमी आधीच बंद करतो."

तेजलने भिंतीवरच्या बाळाच्या चित्राकडे तोंड फिरवलं.

डॉक्टरांनी चष्मा काढला. "तुमचा धंदा काय?"

"ठिबक. पाइप, ड्रिपर, फिल्टर, सगळं."

"मग मला सांगा. ठिबकमधून खत सोडलं आणि नंतर लाइन धुतली नाही. दुसऱ्या दिवशी मोटार पुरती चालू व्हायच्या आधीच ड्रिपरला थेंब येतो. त्यात काय असतं?"

हा प्रश्न रविराजच्या हातखंड्यातला होता. रोज एक तरी शेतकरी त्याला तो विचारायचा. तो सरसावून बसला. "कालचं खत असतं ना मॅडम. लोकांना वाटतं साधं पाणी आहे. आपल्याला वाटतं अजून काही सोडलंच नाही, पण त्या पहिल्या थेंबात मागचं थोडं येतंच. सगळ्या लाइनीत येईल असं नाही, पण येणारच नाही असं कुणी लिहून देऊ शकत नाही. मी तर सगळ्यांना सांगतो, वॉल्व्हवर विश्वास…"

इथे तो थांबला. पंखा फिरत होता. तेजल आता त्याच्याकडे बघत होती.

"बोला ना," डॉक्टर म्हणाल्या. "वॉल्व्हवर विश्वास काय?"

"ठेवू नका," रविराज म्हणाला.

मग डॉक्टरांनी त्याला साध्या शब्दांत सांगितलं. वीर्य यायच्या आधी जो चिकट थेंब येतो, तो पुरुषाला कळत नाही आणि आवरताही येत नाही. त्यात कधी काहीच नसतं, कधी जिवंत शुक्रजंतू असतात. धोका थोडा, पण शून्य नाही. आणि बाजूला व्हायला क्षणभर उशीर झाला तर तो थोडाही राहत नाही. नुसत्या सांभाळण्यावर वर्ष काढणाऱ्या शंभर जोडप्यांतल्या वीसेक घरी पाळणा हलतो. चूक झाली असं वाटलं तर तातडीची गोळी असते, ती पहिल्या तीन दिवसांत, आणि जितकी लवकर तितकी बरी. आता तिचा काही उपयोग नाही. पुढच्यासाठी निरोध आहेत, गोळ्या आहेत, तांबी आहे, तेजलने निवडायचं. आणि दिवस राहिलेच असतील तर परत या, घाबरून मनाने काही घेऊ नका, तेव्हाही रस्ते असतात आणि तेही तेजलला विचारूनच. दोघं बाहेर पडताना त्यांनी रविराजला एवढंच विचारलं की, दोन वर्षांत एकदा तरी विचारायला का नाही आलात?

तो आठवडा रविराजला फार मोठा गेला. दुकानात कुणी 'गळतंय' म्हणून तक्रार घेऊन आलं तरी तो हातातला पाइप खाली टाकायचा. तेजल बोलायची कमी. संध्याकाळी ती मागच्या पायरीवर बसून कालव्याच्या रस्त्याकडे बघत राहायची. तो शेजारी बसला तर ती उठून जात नसे, इतकीच त्याला सवलत होती. एकदा ती म्हणाली, दिवस राहिलेच असतील तर मी काय करीन ते मला अजून माहीत नाही, पण जे करीन ते मला पेढे चारून करून घ्यायचं नाही. तो म्हणाला, नाही घेणार. त्याला पुढे बरंच बोलायचं होतं, पण त्याने पहिल्यांदाच खरा ताबा ठेवला.

आठवडा संपत आला तेव्हा, दुपारच्या गर्दीत, दुकानात फोन वाजला. खंडेराव होते. आवाज आनंदाने चढलेला.

"रव्या, तेजलची पाळी आली."

रविराज खताच्या पोत्यावर मटकन बसला. समोर गिऱ्हाईकं होती, तरी त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "खरंच, अण्णा?"

"आत्ताच आली. लय जोरात हे. पाटकऱ्यानं सोताहून आनून दिली. तू मोटर घेऊन ये, सगळीकडं फिरवून घेऊ."

रविराजने डोळे पुसले. येतो म्हणाला. दाभाडीच्या एका शेतकऱ्याने त्याला पाणी दिलं आणि घरी कुणी गेलं का, असं हळू आवाजात विचारलं.

त्या दिवशी झेंडू भिजला, अण्णा तृप्त झाले, आणि सरुबाईंनी रात्रीच्या जेवणावर जाहीर केलं की येत्या मंगळवारी वणीला जाऊन सुनेची ओटी भरायची, आणि तिथूनच त्या वनखात्याला फोन करून, यंदा जमणार नाही, असं कळवून टाकायचं. तेजलने हातातला घास ताटात ठेवला.

"आई," ती म्हणाली, "मला दिवस गेलेत की नाही ते अजून कुणालाच माहीत नाही. मला नाही, डॉक्टरांना नाही. उद्या सकाळी कळेल. अण्णांची पाळी कालव्याची होती. आणि उद्या काहीही निघालं, तरी तो फोन माझा आहे. तो मी करीन नाहीतर करणार नाही."

खंडेराव ताटातून वर बघून म्हणाले, मग कालव्याची नाय ती कोनाची चुकली? मग त्यांचं त्यांनाच कळलं असावं, कारण ते भाकरी घेऊन ओसरीवर गेले आणि बराच वेळ तिकडेच राहिले.

सरुबाई ताटाकडे बघत होत्या. रविराजला वाटलं, आता रडतील नाहीतर उठून जातील. पण त्यांनी दोन्हीतलं एकही केलं नाही. आमच्या टायमाला कोनी इचारलंच नाय, असं त्या एवढ्या हळू म्हणाल्या की ते जेवणाऱ्यांना सांगितलं की भाकरीला, ते ठरवणं कठीण होतं. थोड्या वेळाने त्या आत गेल्या. धान्याच्या कोठीचं झाकण वाजलं आणि त्या धावायचे बूट घेऊन बाहेर आल्या. त्यातले गहू झटकून त्यांनी ते दाराशी ठेवले. पेढ्यांचं आता काय करायचं, एवढंच त्यांनी विचारलं.

सकाळी रविराज तपासणीची पट्टी घेऊन न्हाणीच्या दाराशी उभा होता. ही पट्टी त्याने स्वतः आणली होती, मावसभावाच्या दुकानातून, मान वर करून, आणि सोबत निरोधाचं पाकीटही. मावसभावाने दोन्ही कागदात गुंडाळून दिलं. त्याने फक्त विचारलं, वहिनी बरी आहे ना? दोन वर्षं ज्याला भ्यालो तो हाच का माणूस, असं रविराजला वाटून गेलं.

दार उघडलं. तेजल बाहेर आली, पोटावर हात दाबून, चेहरा ओढलेला.

"पट्टी?" त्याने विचारलं.

"नको आता. आली."

मग ती आत जाऊन खाटेवर आडवी झाली आणि तो तिच्या उशाशी गुडघ्यावर बसला. गेल्या आठवड्यात आवरून धरलेलं सगळं आता त्याच्या तोंडातून बाहेर पडू लागलं. माझा गर्व होता, तो म्हणाला. यापुढे मी असल्या भ्रमात राहणार नाही. तू जंगलात जा, हवी तेवढी वर्षं जा, मी डबा घेऊन येईन. पुरुषाने काय करायला हवं ते मला आज कळलं. मी तुला वचन देतो की माझ्या आयुष्यात इथून पुढे…

"अरे, ऐकते मी सगळं," तेजल डोळे मिटून म्हणाली. "आधी ती रबराची पिशवी गरम पाण्याने भरून दे, पोट दुखतंय. आणि बूच घट्ट लाव. एक थेंब जरी गळला तरी चादर तू धुवायची."